युटोपिया आणि आजचे राजकीय तत्त्वज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'युटोपिया' या शब्दाचा अर्थ काय, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

हा शब्द इंग्रज विचारवंत टॉमस मोर यांनी घडवला. १५१६ साली लॅटिनमध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या पुस्तकात या नावाचे एक बेट आहे. ग्रीकमध्ये 'टोपॉस' म्हणजे ठिकाण. त्याआधी लावलेला उपसर्ग नकारार्थी घेतला तर 'कुठेही नसलेले ठिकाण' असा अर्थ होतो. पण तो उपसर्ग कानाला 'चांगले' या अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक उपसर्गासारखाच लागतो, त्यामुळे 'चांगले ठिकाण' असाही अर्थ निघतो. हा श्लेष मोर यांनी जाणूनबुजून साधला होता. पुढची पाचशे वर्षे या विषयावर जे वाद झाले, त्यांतले बरेचसे या दोन अर्थांच्या ओढाताणीतूनच निघालेले आहेत.

मराठीत 'आदर्श राज्य' म्हटले तर 'कुठेच नाही' हा अर्थ हरवतो. 'मनोराज्य' म्हटले तर 'चांगले' हा अर्थ गळून पडतो आणि मनातले मांडे तेवढे उरतात. म्हणून येथे 'युटोपिया' हाच शब्द ठेवला आहे.

एक खबरदारी सुरुवातीलाच घ्यायला हवी. काही जण युटोपिया म्हणताना समाजाचा सविस्तर आराखडा सांगत असतात, काही जण न्यायाचे अंतिम मानदंड मांडत असतात, तर काहींच्या लेखी युटोपिया म्हणजे आजच्या व्यवस्थेकडे बाहेरून पाहण्याची एक युक्ती असते. आराखड्याविरुद्धचा युक्तिवाद मानदंडाला लागू पडतोच असे नाही. हा फरक न केल्यामुळे कितीतरी चर्चा व्यर्थ जातात.

मोर यांना ते बेट प्रत्यक्षात यावे असे खरोखर वाटत होते का?

याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. बेटाची हकीकत सांगणाऱ्या प्रवाशाच्या आडनावाचा अर्थच 'निरर्थक बडबडीत तरबेज' असा लावला जातो, आणि शेवटी मोर स्वतःच्या नावाने म्हणतात की तिथल्या काही गोष्टी आपल्याला अगदीच विसंगत वाटल्या. त्यामुळे हा कार्यक्रम की उपहास, हे ठरवणे कठीण जाते.

पण त्यातील एक प्रसंग जवळून पाहिला की युटोपिया कसा काम करतो ते समजते. त्या बेटावर सोन्याला किंमत नाही. तिथे सोन्याची मूत्रपात्रे आणि गुलामांच्या बेड्या घडवतात, आणि मोती व रत्ने लहान मुलांच्या खेळण्यासाठी ठेवलेली असतात. एकदा परदेशाचे राजदूत अंगावर सोने आणि मोती मिरवत येतात. लोक त्यांच्या साध्या पोशाखातल्या नोकरांना धनी समजून मुजरा करतात आणि राजदूतांना गुलाम समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. एक मुलगा आईला म्हणतो, 'बघ, एवढा मोठा झाला तरी मोती घालून फिरतो आहे!' आई त्याला गप्प करते : 'थांब, तो राजदूतांचा विदूषक असेल.' वाचक आधी राजदूतांना हसतो आणि मग स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे पाहतो. सोने नष्ट करावे असा प्रस्ताव येथे कोणीही मांडलेला नाही. जी किंमत आपण वस्तूच्या अंगचीच समजत होतो ती आपणच दिलेली आहे, एवढेच दिसून येते.

ही कल्पना फक्त युरोपची आहे का?

शब्द युरोपचा आहे, कल्पना नाही. चिनी कवी ताओ युआनमिंग यांची पीचच्या बहरापलीकडे दडलेल्या गावाची कथा पाचव्या शतकातली आहे. तिथल्या रहिवाशांना बाहेरच्या राजवटी बदलल्याचा पत्ताही नसतो. इस्लामी जगातले तत्त्वज्ञ अल-फाराबी यांनी दहाव्या शतकात सद्गुणी नगराविषयी लिहिले. संत रविदासांच्या बेगमपुऱ्यात दुःख नाही, कर नाही आणि दुय्यम-तिय्यम असा कोणताही दर्जा नाही. बंगाली लेखिका रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ साली असा देश कल्पिला की जिथे पुरुष पडद्यात राहतात आणि स्त्रिया विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात. यांपैकी बेगमपुऱ्याचे वर्णन मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण ते काही ओळींतच संपते आणि त्यात नगररचना जवळपास नाहीच. काय नको, याचीच ती यादी आहे.

मार्क्स स्वतः वर्गविहीन समाजाचे स्वप्न पाहत होते, तरी त्यांचा युटोपियाला विरोध का होता?

त्यांचा विरोध स्वप्नाला नव्हता, ते कागदावर सविस्तर आखून नंतर त्यासाठी ग्राहक शोधण्याला होता. भविष्यातल्या खानावळींसाठी आपण पाककृती लिहीत नाही, असे त्यांनी १८७३ मध्ये म्हटले. त्यांचे सहकारी एंगल्स यांनी १८८० च्या पुस्तिकेत सेंट-सिमाँ, फूरिए आणि ओवेन या आधीच्या युटोपियन समाजवाद्यांचे ऋण मान्य केले, पण समाज बदलणाऱ्या शक्ती इतिहासात कुठे आहेत हे त्यांना दाखवता आले नाही, असा आक्षेपही घेतला. ओवेन यांनी १८२५ साली अमेरिकेत वसवलेली 'न्यू हार्मनी' ही वसाहत दोन-तीन वर्षांतच मोडली, हे उदाहरण टीकाकारांच्या हाताशी होतेच. पाककृती न लिहिण्याची किंमत मात्र पुढे मोठी ठरली. सत्ता हाती आलेल्यांकडे स्वयंपाकाचा कोणताही तपासलेला विचार नव्हता.

विसाव्या शतकात युटोपिया इतका बदनाम कशामुळे झाला?

दोन महायुद्धे, छळछावण्या आणि 'नवा माणूस' घडवण्याच्या नावाखाली झालेल्या हत्या हे त्याचे उघड कारण. पण तत्त्वज्ञानातला युक्तिवाद केवळ इतिहासावर उभा नाही. कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये मांडलेला मुद्दा असा होता : अंतिम ध्येय कोणते असावे हे तर्काने ठरवता येत नाही, त्यामुळे दोन वेगळ्या आदर्शांचे अनुयायी समोरासमोर आले की शेवटी बळच निकाल लावते. शिवाय सारा समाज एकदम बदलला तर कोणत्या बदलामुळे काय बिघडले हे कळण्याचा मार्गच बंद होतो. त्याऐवजी डोळ्यांसमोरचे एकेक दुःख हेरून ते थोडेथोडे दूर करावे, आणि चुकले तर मागे फिरता यावे, असा त्यांचा आग्रह होता. आयझाया बर्लिन यांनी वेगळे बोट ठेवले. स्वातंत्र्य, समता, करुणा, न्याय ही मूल्ये एकमेकांशी झगडतात आणि सर्वांचा पूर्ण मेळ तत्त्वतःच बसू शकत नाही. मग परिपूर्ण समाज ही कल्पनाच विसंगत ठरते.

पॉपर यांचा आक्षेप आराखड्याविरुद्ध बिनतोड आहे, असे मला वाटते. मात्र कोणते दुःख आधी दूर करायचे हे ठरवताना त्यांनाही माणसाने कसे जगावे याची काहीतरी कल्पना लागतेच, आणि ती कुठून आली हे ते फारसे सांगत नाहीत. ज्युडिथ श्क्लार यांनी १९८९ मधल्या प्रसिद्ध निबंधात सर्वांत मोठे अनिष्ट म्हणून क्रौर्याला समोर ठेवले आणि उदारमतवादाची मांडणी भीतीपासून सुरू केली. पण त्यांनीच १९५७ च्या आपल्या पहिल्या ग्रंथात युटोपियावरची श्रद्धा ओसरल्यावर राजकीय विचारही कसा वाळत गेला हे दाखवले होते.

मग रॉल्स यांनी 'आदर्श सिद्धान्त' पुन्हा कसा आणला?

जॉन रॉल्स यांचा १९७१ चा ग्रंथ असे गृहीत धरून पुढे जातो की समाजातले सर्व जण न्यायाचे नियम पाळतात आणि परिस्थिती तशी अनुकूल आहे. अशा समाजाची तत्त्वे कोणती असतील? स्वतःची जात, वर्ग, लिंग, बुद्धी यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या माणसांनी अज्ञानाच्या पडद्याआडून नियम निवडले तर ते कोणते निवडतील? याच चौकशीला ते 'आदर्श सिद्धान्त' म्हणतात. हे ठरले की मग नियम मोडले जातात त्या खऱ्या जगाकडे वळायचे, असा त्यांचा क्रम आहे. आपल्याकडच्या म्हणीत सांगायचे तर हे 'आधी कळस, मग पाया' झाले. फरक एवढाच की ही म्हण आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो आणि रॉल्स यांच्या मते तोच योग्य क्रम आहे : कळस कसा हवा हे माहीत नसेल तर पाया किती खोल खणायचा ते कसे ठरणार?

१९९९ मध्ये त्यांनी 'वास्तववादी युटोपिया' हा शब्दप्रयोग पुढे आणला. तो वरवर विसंगत वाटतो. त्यांचा आशय असा की राजकीय तत्त्वज्ञानाने व्यावहारिक शक्यतेच्या रूढ सीमा ताणून पाहाव्यात, पण ओलांडू नयेत. रूसो यांच्या भाषेत, माणसे आहेत तशी घ्यावीत आणि कायदे असू शकतील तसे घ्यावेत. अडचण अशी की 'माणसे आहेत तशी' म्हणजे कशी, हेच वादाचे मूळ आहे. त्याकडे पुढे येऊ.

अमर्त्य सेन यांचा याला नेमका आक्षेप काय?

२००९ मध्ये सेन यांनी म्हटले की परिपूर्ण न्यायाचे वर्णन अन्याय कमी करण्यासाठी आवश्यकही नाही आणि पुरेसेही नाही. किलिमांजारो आणि मॅकिन्ली या शिखरांत उंच कोणते हे ठरवण्यासाठी एव्हरेस्ट जगात सर्वांत उंच आहे हे माहीत असण्याची गरज नसते. गुलामगिरी घालवणाऱ्यांनी आधी पूर्ण न्याय्य समाजाची व्याख्या केली नव्हती. आणि आदर्श माहीत असला तरी त्याच्या 'अधिक जवळ' काय आहे हे त्यावरून कळत नाही. ज्याला पांढऱ्या वाइनपेक्षा लाल वाइन आवडते, त्याला दोन्ही मिसळून दिली तर ते मिश्रण लाल वाइनच्या जवळ असूनही त्याला ते दोन्हींपेक्षा वाईट लागेल.

वाइनचा हा दाखला विनोदी वाटला तरी त्यातला मुद्दा खोल आहे. लिप्सी आणि लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच दाखवले होते की आदर्श स्थितीच्या अटींपैकी एक अट पूर्ण होणारच नसेल, तर उरलेल्या सगळ्या अटी पूर्ण करत जाणे हितकारक ठरेलच असे नाही. म्हणजे आदर्शाकडे सरळ चालत जाणाराही खड्ड्यात पडू शकतो.

याला जॉन सिमन्स यांनी दिलेले उत्तरही लक्षात घेण्याजोगे आहे. दोन टेकड्यांतली उंच टेकडी ओळखता येते हे खरे, पण ती चढून गेल्यावर कळले की मोठ्या पर्वताची वाट दुसऱ्याच दरीतून होती, तर आधी उतरावे लागेल. जेराल्ड गॉस यांनी २०१६ मध्ये ही भूरचना आणखी बारकाईने मांडली. जवळपासचा प्रदेश आपल्याला बऱ्यापैकी दिसतो आणि दूरचा धूसर दिसतो. म्हणून जवळची खात्रीची सुधारणा की दूरच्या धूसर आदर्शाच्या दिशेने पाऊल, ही निवड वारंवार करावी लागते आणि तिला सर्वकाळ लागू पडेल असे उत्तर नाही. मला गॉस यांचे चित्र सर्वांत प्रामाणिक वाटते, जरी त्यांनी त्यातून काढलेला युटोपियाविरोधी निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. धुके आहे म्हणून तिकडे पाहूच नये, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आदर्शाची चर्चा ही अन्याय झाकण्याची पळवाट होऊ शकते का?

होय, आणि हा आरोप सर्वांत धारदारपणे चार्ल्स मिल्स यांनी २००५ मध्ये केला. नियम सर्वांनी पाळले आहेत असे गृहीत धरले की वर्णवर्चस्व, गुलामगिरी आणि तिचे वारसे या गोष्टी सिद्धान्ताच्या चौकटीतच येत नाहीत. अमेरिकेसारख्या देशात लिहिलेल्या न्यायाच्या सिद्धान्तात वर्णद्वेषाच्या परिमार्जनाला जवळपास जागाच मिळत नाही, याला ते योगायोग मानत नाहीत. ज्यांना हा अन्याय कधी सोसावा लागला नाही त्यांच्या अनुभवातून चौकट आखली गेली, असे ते म्हणतात. तरीही मिल्स आदर्शांच्या विरोधात नव्हते. त्यांचा राग होता तो वास्तव वगळून 'आदर्श' म्हणवून घेणाऱ्या अमूर्ततेवर.

'हे सगळे ठीक, पण माणसाचा स्वभावच तसा नाही' या आक्षेपाचे काय करायचे?

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी तपासलेलाही. 'अशक्य आहे' आणि 'होणार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या असतात.

एक साधे उदाहरण घेऊ. एक गृहस्थ लोकांकडून नेलेली पुस्तके कधीच परत करत नाहीत. विचारले तर म्हणतात, 'काय करणार, माझ्या स्वभावातच नाही.' यावर आपण 'मग तुमच्यावर परत करण्याचे बंधन नाही' असे म्हणत नाही. ते परत करणार नाहीत हे भाकीत बरोबर असेल, पण त्यांना ते करता येत नाही असे नाही. डेव्हिड एस्टलंड यांनी २०२० च्या ग्रंथात हाच मुद्दा समाजाला लावला आहे. लोक न्यायाची मागणी पुरी करणार नाहीत, एवढ्याने ती मागणी चुकीची ठरत नाही. ती फार तर निराशाजनक ठरते. न्यायाचा सिद्धान्त आशादायक असलाच पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे युटोपियाचा बागुलबुवा करणे, असे ते म्हणतात.

जी. ए. कोहेन यांनी २००९ मध्ये हा प्रश्न आणखी खाली उतरवला. मित्रांची सहल रानात मुक्कामाला गेली आहे. भांडी, मासे, कष्ट सगळे सामाईक. मासे पकडण्यात पटाईत असलेला हॅरी म्हणतो, मी जास्त पकडतो तर मला चांगले मासे द्या. सिल्व्हियाला सफरचंदाचे झाड सापडते आणि ती म्हणते, झाड माझे, सफरचंदे हवी तर माझी कामे करा. सगळ्यांना हे किळसवाणे वाटते, बाजारावर श्रद्धा असलेल्यांनाही. म्हणजे वेगळ्या नियमांनी वागणे माणसांना जमते आणि आवडतेही, निदान सहलीपुरते. मग संपूर्ण समाजाला ते का जमू नये? कोहेन यांचे उत्तर मला या वादातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते : अडचण मुख्यतः स्वार्थाची नसून रचनेची आहे. स्वार्थावर मोठी अर्थव्यवस्था कशी चालवायची याचे तंत्र, म्हणजे बाजार, आपल्याला माहीत आहे. औदार्यावर ती कशी चालवायची याचे तंत्र अजून सापडलेले नाही. 'सापडलेले नाही' हे 'असूच शकत नाही' यापेक्षा फार वेगळे विधान आहे. दहा-बारा जणांच्या सहलीवरून कोट्यवधींचा समाज कळत नाही, ही टीका रास्तच आहे. पण तीही मुळात रचनेविषयीचीच टीका आहे, स्वभावाविषयीची नाही.

राजकीय वास्तववादी म्हणवणारे तत्त्वज्ञ काय म्हणतात?

बर्नार्ड विल्यम्स यांच्या मते राजकारणाचा पहिला प्रश्न सुव्यवस्था, संरक्षण आणि सहकार्याच्या अटी हा आहे. नीतिशास्त्र आधी लिहून ते राजकारणावर लादता येत नाही. रेमंड गॉयस यांनी २००८ मध्ये अधिक कडक भाषेत तेच म्हटले : कोण कोणाला, काय, कोणाच्या फायद्यासाठी करतो, हे आधी विचारा. मात्र गॉयस यांना युटोपियाचे वावडे नाही. सत्तेचे खरे चित्र पाहणाऱ्यालाच वेगळे काय असू शकते याची कल्पना करता येते, अशी त्यांची धारणा दिसते.

युटोपिया नेहमी डावाच असतो का?

नाही. बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी १९४९ मध्ये उदारमतवाद्यांना उघड सल्ला दिला होता की समाजवाद्यांकडून युटोपियन होण्याचे धाडस शिका. रॉबर्ट नोझिक यांच्या १९७४ च्या ग्रंथाचा तिसरा भाग युटोपियावरच आहे. एकच आदर्श समाज सर्वांना मानवणार नाही, म्हणून किमान राज्याच्या, म्हणजे संरक्षण आणि करारपालन एवढेच पाहणाऱ्या राज्याच्या, चौकटीत ज्याने-त्याने आपापली वसाहत करावी आणि नको असेल तर सोडून जावे, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्याकडे सोडून जाण्याइतकेही साधन नाही त्याचे काय, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो.

'खरेखुरे युटोपिया' म्हणजे काय?

समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइट यांनी २०१० मध्ये युटोपियाला तीन चाचण्या लावल्या. तो इष्ट आहे का, उभा राहिल्यावर टिकेल का, आणि आज आहोत तिथून तिथवर पोहोचता येईल का. मग आजच्याच व्यवस्थेच्या फटींत उगवलेल्या संस्था त्यांनी शोधल्या. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून नागरिक वस्तीवस्तीच्या सभांत बसून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातल्या कामांचा अग्रक्रम ठरवू लागले : आधी सांडपाण्याची वाहिनी की आधी रस्ता, आणि कोणत्या वस्तीत. ही पद्धत पुढे जगातल्या अनेक शहरांनी उचलली. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन येथे १९५६ मध्ये सुरू झालेला कामगारांच्या मालकीच्या सहकारी उद्योगांचा समूहही त्यांच्या यादीत आहे.

या उदाहरणांकडे भाबडेपणाने पाहू नये. पोर्तो अलेग्रीत ही योजना आणणारा पक्ष सत्तेबाहेर गेल्यावर तिची धार बोथट झाली. मोंद्रागोनमधील घरगुती उपकरणे बनवणारी मोठी सहकारी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पण 'सामान्य माणसांना अंदाजपत्रकातले काय कळते' हे वाक्य पोर्तो अलेग्रीनंतर पूर्वीच्या खात्रीने उच्चारता येत नाही. एक अशक्यता पुराव्यानिशी खोटी ठरली, आणि युटोपियाकडून मी तरी एवढ्याचीच अपेक्षा ठेवतो.

एखादा युटोपिया समोर आला तर त्याची पारख कशी करावी?

समाजशास्त्रज्ञ रूथ लेव्हिटस युटोपियाला एक पद्धत मानतात. प्रत्येक राजकीय धोरणाच्या पोटात चांगल्या समाजाचे एक न बोललेले चित्र असते, ते उकरून काढावे, आणि त्या चित्रात माणूस कसा कल्पिला आहे ते पाहावे. मी यात एक प्रश्न घालतो, तो सगळीकडे विचारता येतो : इथे घाण काम कोण करते?

मोर यांच्या बेटावर सर्वांना दिवसाला फक्त सहा तास काम असते, पण जनावरे मारणे आणि भोजनगृहातली घाणेरडी, जड कामे गुलामांकडे आहेत. फूरिए यांनी तोडगा काढला की लहान मुलांना चिखल आणि घाण आवडतेच, तेव्हा त्यांच्या टोळ्या करून कचऱ्याचे काम मानसन्मानासह त्यांना द्यावे. यावर हसू येते, पण काम नकोसे आहे म्हणून कोणावर लादायचे नाही, हा आग्रह त्यात आहे. एडवर्ड बेलामी यांच्या १८८८ च्या कादंबरीतल्या व्यवस्थेत सर्वांचे उत्पन्न सारखे असते आणि जे काम कोणी घेत नाही त्याचे तास कमी-कमी करत नेतात, स्वेच्छेने पुरेसे लोक येईपर्यंत. शिवाय प्रत्येक तरुणाला पहिली तीन वर्षे सामान्य मजुरीचे काम करावेच लागते. राइट यांच्या तीन चाचण्या या उत्तरांना लावून पाहाव्यात. मोर यांचे बेट इष्टतेच्या पहिल्याच चाचणीत अडकते, फूरिए यांची योजना टिकण्याच्या चाचणीत. बेलामींचे तासांचे गणित मात्र एखादी नगरपालिका नकोशा कामाच्या एखाद्या खात्यात, पगार तोच ठेवून, उद्यापासून करून पाहू शकते.